वीस जणांसाठी स्लो कुकरमधले चिकन बरिटो

उन्हाळा लागला, महाराष्ट्र मंडळाच्या सहलीची यादी फिरू लागली, की अमेरिकेतल्या आपल्या घरांमधून ठरावीक प्रश्न सुरू होतात. 'वीस जणांना किती चिकन लागेल?' 'सकाळी सातला लावलं तर बारापर्यंत होईल का?' 'मागच्या वेळी सारण पातळ झालं, पोळी फाटली, सगळ्यांचे हात बरबटले. काय चुकलं?' बरिटोचं नाव यादीत लिहिणं सोपं असतं, कारण एकाच भांड्यात सगळं शिजतं असं आपण ऐकलेलं असतं. ते खरंही आहे. मात्र स्लो कुकर आपल्या प्रेशर कुकरसारखा वागत नाही, आणि आपल्या हाताला लागलेल्या काही चांगल्या सवयी इथे उलट्या पडतात. हा लेख त्या सवयींपाशी थांबतो. खालची मापं अमेरिकेत मिळणाऱ्या सामानाची आणि ६ क्वार्टच्या, म्हणजे साधारण पावणेसहा लिटरच्या कुकरची आहेत.

आधी ठरवा: बांधून न्यायचे की तिथे भरायचे?

सगळं नियोजन या एका निर्णयावर उभं राहतं, म्हणून खरेदीच्या आधी तो घ्या.

- घरून बांधून नेणं: उद्यानातली सहल, मुलांचे सामने, जिथे टेबल आणि वीज मिळेल याची खात्री नाही अशी जागा. प्रत्येक बरिटो फॉइलमध्ये गुंडाळलेला, हातात धरून खाता येणारा. भाताने भरलेला, फॉइलमधला हा मोठा बरिटो मुळात सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागातला.
- तिथे मांडून ठेवणं: सभागृह किंवा कुणाचं घर. चिकन कुकरमध्येच, शेजारी भात, बीन्स, सालसा, चीज. ज्याने त्याने आपला भरून घ्यायचा.

माझं मत विचाराल तर शाकाहारी आणि मांसाहारी मंडळी एकत्र असतील तेव्हा मांडून ठेवणंच बरं. बांधलेल्या वीस पुड्यांमधली कुठली कशाची हे ओळखण्यात गोंधळ होतो, आणि त्या गोंधळाची किंमत शाकाहारी पाहुण्याला मोजावी लागते. बांधूनच न्यायचे असतील तर शाकाहारी पुड्या वेगळ्या डब्यात ठेवा आणि फॉइलवर मार्करने अक्षर लिहा.

तिसराही एक मार्ग आहे. उत्तर मेक्सिकोत, सोनोरा आणि चिवावा भागांत, बरिटो लहान असतो आणि त्यात एखाद-दोनच गोष्टी असतात, भात बहुधा नसतोच. लहान मुलं जास्त असतील तर ८ इंची टॉर्टिया घ्या, आत फक्त चिकन आणि बीन्स भरा. निम्मं काम वाचतं.

वीस बरिटोंचं सामान

मोठ्यांसाठी १० इंची टॉर्टिया धरली आहे. इतर पदार्थही असतील तर माणशी एक पुरतो. बरिटो हेच जेवण असेल तर वीस माणसांना पंचवीस धरा आणि खालची मापं सव्वापट करा.

- बिनहाडाचं, बिनकातडीचं चिकन थाय: अडीच किलो (साधारण साडेपाच पौंड). शिजून पाऊण वजन उरतं, म्हणजे एका बरिटोला ९० ग्रॅमच्या आसपास.
- जाडसर सालसा: २ कप चिकनमध्ये, शिवाय वाढायला अडीच कप
- कांदे: २ मोठे. लसूण: १० पाकळ्या
- जिरेपूड २ मोठे चमचे, धणेपूड १ मोठा चमचा, स्मोक्ड पापरिका २ मोठे चमचे, ओरेगॅनो १ मोठा चमचा
- अडोबो सॉसमधल्या चिपोटले मिरच्या: २ किंवा ३
- मीठ: ४ छोटे चमचे
- काळे बीन्स: १५ औंसाचे ४ डबे
- तांदूळ: अडीच कप
- किसलेलं चीज: अर्धा किलो
- लिंबं ३, कोथिंबिरीची एक मोठी जुडी
- टॉर्टिया: २४, कारण दोन-चार फाटतातच

चिकन विकत घेताना

थायच घ्या. ब्रेस्ट स्वस्त मिळालं तरी मोह टाळा. थायमध्ये चरबी आणि चिवट धागे जास्त असतात, ते तासन्‌तास मंद आचेवर विरघळतात आणि मांस ओलसर राहतं. ब्रेस्ट मात्र तीन-साडेतीन तासांतच शिजून जातं आणि पुढे नुसतं वाळत राहतं. सहा तासांनी ते भुश्शासारखं लागतं. ब्रेस्टच वापरायचं असेल तर घरी थांबून, वेळेवर लक्ष ठेवून करा.

पाकिटावरच्या दोन गोष्टी वाचा. पहिली, बारीक अक्षरांतली: चिकनमध्ये मिठाचं पाणी टोचलेलं असेल तर त्या द्रावणाचं प्रमाण छापावं लागतं. असं चिकन असेल तर मीठ निम्मं करा, आणि पैसे पाण्याचेही मोजताय हे लक्षात ठेवा. दुसरी, मोठ्या अक्षरांतली: 'हॉर्मोन वापरलेले नाहीत' या शब्दांसाठी जास्त पैसे देऊ नका. अमेरिकेत कोंबड्यांना हॉर्मोन द्यायला मुळातच बंदी आहे.

चिकन गोठलेलं असेल तर ते आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात उतरवा. एवढ्या मापाला पूर्ण दिवस, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. गोठलेलं चिकन स्लो कुकरमध्ये टाकू नका. भांडं इतकं हळू तापतं की मांस बराच वेळ कोमट राहतं, आणि जंतूंना नेमकं तेच हवं असतं. चिकन धुण्याची आपली सवयही इथे सोडा. सिंकभर शिंतोडे उडतात, जंतू ओट्यावर पसरतात, आणि चिकन स्वच्छ होत नाही ते नाहीच. ते स्वच्छ होतं शिजल्यावर.

तिखटाचा घोटाळा

या एका गोष्टीने जितकी पातेली बिघडली असतील तितकी दुसऱ्या कशानेही नसतील. अमेरिकन पाककृतीत 'चिली पावडर' लिहिलेलं असतं, तेही दोन-तीन मोठे चमचे. ते आपलं लाल तिखट नव्हे. इथली चिली पावडर म्हणजे सौम्य मिरची, जिरं, लसूण, ओरेगॅनो, कधी मीठ अशी मिसळलेली मसाल्याची पूड. त्या मापाने आपलं तिखट घातलं तर लहान मुलं जेवणार नाहीत आणि मोठे पाणी पीत बसतील.

वरच्या यादीत म्हणूनच चिली पावडर नाही. रंग आणि धुरकट चव पापरिका आणि चिपोटले देतात. चिपोटले म्हणजे धुरी देऊन सुकवलेली हालापिन्यो मिरची. तिचा तिखटपणा मध्यम असतो. आणखी हवं असेल तर काश्मिरी तिखट २ छोटे चमचे घाला, त्यापुढे जाऊ नका. झणझणीत खाणाऱ्यांसाठी बारीक चिरलेल्या हिरव्या मिरच्या वेगळ्या वाटीत ठेवा.

गरम मसाला, कढीपत्ता, खोबऱ्याचं वाटण यांचा मोह होईल. घरच्या चार माणसांसाठी जरूर करून बघा. सहलीला नेताना मात्र जिरं, धणे, लिंबू, कोथिंबीर इतकंच ठेवा. यातले बहुतेक पदार्थ मेक्सिकोच्या स्वयंपाकातही रोजचे आहेत, त्यामुळे आपल्या जिभेला ते परके वाटत नाहीत. मिरची आणि टोमॅटो तर तिकडूनच पोर्तुगिजांच्या काळात आपल्याकडे आले.

शिजवण्याच्या पायऱ्या

1. कांदा-लसूण आधी परता. स्लो कुकरमध्ये कांदा लाल होत नाही, तो नुसता उकडतो. कढईत दोन मोठे चमचे तेल घ्या, कांदा सोनेरी करा, लसूण आणि कोरडे मसाले घालून अर्धा मिनिट परता. ही दहा मिनिटं वाचवू नका.
2. चिकन तळाशी पसरा, मीठ चोळा, वर कांदा-मसाला, चिरलेल्या चिपोटले आणि २ कप सालसा घाला.
3. पाणी घालू नका. एक थेंबही नको. रस्सा करणाऱ्या हाताला हे जमत नाही, भांडं कोरडं दिसतं, वाटीभर पाणी ओतावंसं वाटतं. पण झाकणाखालून वाफ बाहेर जात नाही, आणि अडीच किलो चिकनला स्वतःचंच भरपूर पाणी सुटतं. सारण पातळ होण्याचं कारण दहापैकी नऊ वेळा हेच असतं.
4. भांडं निम्म्यापेक्षा रिकामं किंवा दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरलेलं नसावं. तीस-चाळीस माणसं असतील तर एकात दडपून भरण्यापेक्षा शेजाऱ्यांचा कुकर मागून आणा.
5. पहिला तास 'हाय'वर, पुढे 'लो'वर. एकूण साधारण सहा तास. घाई असेल तर सगळा वेळ 'हाय'वर ठेवा, साडेतीन ते चार तासांत होतं.
6. झाकण उघडून बघू नका. प्रत्येक वेळी उघडलं की पंधरा मिनिटं ते अर्धा तास पुढे ढकलला जातो. शेवटच्या तासात एकदा बघा.
7. थर्मामीटर लावा. सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यात १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस दिसलं की खायला सुरक्षित. धागे सुटण्यासाठी थाय त्याहून बरंच जास्त तापावं लागतं. काटा लावल्यावर सहज उकललं की झालं.

सारण कोरडं करा

बरिटो टिकणार की गळणार हे इथे ठरतं. चिकन झाऱ्याने परातीत काढा आणि दोन काट्यांनी धागे सोडवा. कुकरमध्ये उरलेला रस पसरट पातेल्यात ओता आणि मोठ्या आचेवर निम्मा होईपर्यंत आटवा. दहा-पंधरा मिनिटं लागतात. मग तो थोडा थोडा चिकनमध्ये मिसळा. चिकन चकचकीत दिसलं पाहिजे, पण परात तिरकी केली तर रस वाहता कामा नये. रस उरला तर बाटलीत भरून ठेवा, दुसऱ्या दिवशी त्यात भात छान होतो.

लिंबू आणि कोथिंबीर आता घाला, आधी नाही. सावर क्रीम आणि चीज कुकरमध्ये घालूच नका, फाटतात. ते वाढतानाच द्यायचं.

भात मोकळा हवा. शिजल्यावर परातीत पसरून वाफ जाऊ द्या, लिंबू पिळा, पण तासन्‌तास ओट्यावर ठेवू नका. शिळ्या, कोमट भाताने पोट बिघडतं ते उगाच नव्हे. शिजवल्यावरही तग धरणारे जंतू त्यात पुन्हा वाढतात.

राजम्याबद्दल एक कळकळीची सूचना

काळ्या बीन्सऐवजी घरातला राजमा वापरायचा असेल तर तो कच्चा स्लो कुकरमध्ये टाकू नका, भिजवलेला असला तरीही. कच्च्या राजम्यात एक नैसर्गिक विषारी द्रव्य असतं. ते खळखळून उकळल्यावरच नष्ट होतं, आणि स्लो कुकरची मंद आच तिथपर्यंत पोचेलच असं नाही. अर्धवट तापलेले दाणे कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देतात. चार-पाच दाण्यांनीही उलट्या होऊ शकतात. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, प्रेशर कुकरला लावण्याची आपल्या घरची रीत इथे अगदी बरोबर आहे, तीच पाळा. डब्यातले बीन्स आधीच शिजवलेले असतात, ते निथळून थेट वापरता येतात.

शाकाहारी पाहुण्यांचं ताट

'त्यांच्यासाठी बीन्स आहेतच की' असं म्हणून हा विषय संपवू नका. आलेल्या माणसाला पोटभर आणि निःशंकपणे जेवता यावं हा त्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी आदल्या आठवड्यात चार प्रश्न विचारावे लागतात. त्या दिवशी संकष्टी, एकादशी, श्रावण किंवा कुणाचा वार आहे का, हे तारीख ठरवतानाच कॅलेंडरमध्ये बघा.

दुसऱ्या, लहान कुकरमध्ये रताळ्याच्या फोडी, ढबू मिरची, मक्याचे दाणे आणि शिजलेले काळे बीन्स त्याच मसाल्यात करा. 'हाय'वर तीन तासांत होतं. जैन पाहुणे असतील तर रताळं, कांदा, लसूण वगळा. शाकाहारींची जेवढी नावं आली असतील त्यापेक्षा निम्मं जास्त करा, कारण चिकन खाणारेही हे आवडीने घेतात आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांनाच उरत नाही. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता वाढताना शाकाहारी रांग आधी सोडते.

लपलेल्या गोष्टींकडे लक्ष द्या:

- टॉर्टिया आणि रीफ्राइड बीन्स: काहींमध्ये डुकराची चरबी असते. लेबलवर 'लार्ड' किंवा 'मान्तेका' शब्द शोधा. वनस्पती तेलाच्या टॉर्टिया सहज मिळतात.
- चीज: काटेकोर शाकाहारींसाठी 'व्हेजिटेरियन' किंवा 'मायक्रोबियल' रेनेट लिहिलेलं घ्या.
- भात: मेक्सिकन भात कोंबडीच्या स्टॉकमध्ये करतात. तुम्ही पाण्यातच करा, सगळ्यांना चालतो.
- डाव: प्रत्येक भांड्याला स्वतःचा, आणि शाकाहारी भांडी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला.
- हलाल: मुस्लिम मित्र येणार असतील तर चिकन हलाल दुकानातून आणा, सगळ्यांसाठी एकच.

गहू न चालणाऱ्यांना बरिटोचं सारण वाडग्यात भातावर द्या. मक्याची टॉर्टिया गुंडाळताना तुटते. ॲलर्जीबाबत पाहुण्याने विचारलं तर आठवणीवर उत्तर देऊ नका; मसाल्याची, सालसाची, टॉर्टियाची पाकिटं फेकून न देता पिशवीत घेऊन जा. दूध, अंडी, गहू, सोया, शेंगदाणे, झाडावरचा सुकामेवा, मासे, कवचाचे जलचर आणि २०२३ पासून तीळ, या नऊ गोष्टींची नोंद अमेरिकेतल्या पॅकबंद पदार्थांवर असावीच लागते. ते वाचायला मागणाऱ्याला संकोच वाटू देऊ नका.

गुंडाळताना

'आपली पोळी चालेल का?' हा प्रश्न नेहमी येतो. घडीची पोळी गार झाली की पदर सुटतात आणि १० इंची बरिटोचा भार तिला पेलत नाही. उत्तर मेक्सिकोत गहू पिकतो, तिथली टॉर्टिया मैद्याची, चरबी किंवा तेल घालून मळलेली असते, म्हणून ती लवचीक राहते. तीच वापरा.

टॉर्टिया गरम केल्याशिवाय वळत नाही. तव्यावर प्रत्येक बाजू पंधरा-वीस सेकंद, लगेच स्वच्छ पंचात. सारण मध्यापासून जरा आपल्या बाजूला, आडवं मांडा: भात सर्वांत खाली, मग बीन्स, चिकन, चीज, आणि सालसा अगदी थोडा. डावी-उजवी कड आत दुमडा, आपल्याकडची कड वर घेऊन सारण घट्ट ओढा आणि पुढे गुंडाळा. एका बरिटोला बेताचंच सारण पुरे. मिटत नसेल तर काढून कमी करा. ओढून मिटवलेला बरिटो गाडीतच फाटतो.

वेळ, प्रवास आणि वीज

साडेबाराचं जेवण असेल तर पहाटे साडेपाचला कुकर लावावा लागतो. ते नको असेल तर आदल्या दिवशी शिजवा, धागे काढा, पसरट उथळ डब्यांत घालून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ते गॅसवर १६५ अंशांपर्यंत वाफाळून गरम करा आणि मगच तापलेल्या कुकरमध्ये 'वॉर्म'वर ठेवा. फ्रिजमधलं थंड चिकन स्लो कुकरमध्येच गरम करू नका, त्याला तेवढा जोर नसतो. थंड चिनी मातीचं भांडंही तापलेल्या बैठकीवर ठेवू नका, तडकतं.

गरम अन्न १४० अंश फॅरनहाइटच्या वर राहिलं पाहिजे. त्याखाली आलं की दोन तास, आणि बाहेर ९० अंशांहून जास्त ऊन असेल तर एकच तास. बांधलेले बरिटो गरम टॉवेल घातलेल्या बर्फाच्या पेटीत खच्चून भरले तर बराच वेळ गरम राहतात. मधला एक फोडून थर्मामीटरने बघा.

सभागृहात वीज कुठून येते ते आधी विचारा. इथल्या साध्या १५ ॲम्पिअरच्या सर्किटवर १८०० वॅट चालतात, सतत चालणाऱ्या उपकरणांसाठी १४४० धरावेत. मोठा स्लो कुकर २०० ते ३०० वॅट घेतो, त्यामुळे तीन-चार कुकर निभतात. पण चहाचं मोठं विजेचं भांडं एकटंच १५०० वॅटचं असू शकतं. ते त्याच भिंतीवर लावलं की फ्यूज पडतो आणि सगळे कुकर गार होतात. चहा दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि परत जाताना हा कुकर पुण्याला नेणार असाल तर: तो १२० व्होल्टचा आहे, तिथल्या २३० व्होल्टला ट्रान्सफॉर्मरशिवाय लावला तर जळेल.

विकायचे असतील तर

घरगुती एकत्र जेवण आणि मंडळाच्या निधीसाठी लावलेला स्टॉल यांना कायदा वेगळा लागतो. पैसे घेऊन अन्न द्यायचं असेल तर बहुतेक ठिकाणी काउंटीच्या आरोग्य विभागाचा तात्पुरता परवाना लागतो, आणि घरच्या स्वयंपाकघरात शिजवलेलं मांस सहसा चालत नाही. घरगुती खाद्यपदार्थ विकायची जी सवलत राज्यं देतात ती मुख्यतः चिवडा, बिस्किटं अशा टिकाऊ पदार्थांसाठी असते. नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून महिनाभर आधी फोन करा आणि मिळालेलं उत्तर लेखी मागा.

उरलं तर

उरलेलं चिकन फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस. टेबलावर दोन तासांहून जास्त कोमट राहिलेलं मात्र कुणाला डब्यात बांधून देऊ नका, कितीही जीव तुटला तरी. फ्रीझ करायचे असतील तर बरिटोत फक्त चिकन, बीन्स, भात आणि चीज ठेवा. सालसा, सावर क्रीम, लेट्यूस नको. पूर्ण गार करून एकेक गुंडाळा, वर तारीख लिहा. दोन-तीन महिने चव चांगली राहते. मायक्रोवेव्हमध्ये घालण्याआधी फॉइल काढा, ओल्या कागदी रुमालात गुंडाळा, मध्ये एकदा उलटा. नंतर दोन मिनिटं कोरड्या तव्यावर फिरवलात तर वरची टॉर्टिया पुन्हा खरपूस होते.